विश्लेषण : गिटार वाजवता न येणाऱ्या लिओ फेंडर यांनी बास गिटारचे पिकअप दोन तुकड्यांत का विभागले? डावखुऱ्यांसाठी ते उलटे का पडते?

इलेक्ट्रिक गिटार ॲम्प्लिफायरला जोडा आणि तारांना हातही लावू नका. खोलीत ट्यूबलाइट, मिक्सर किंवा पंख्याचा जुना रेग्युलेटर चालू असेल, तर स्पीकरमधून घूंऽऽ असा एकसुरी आवाज येत राहतो. वर्ध्याला खेटून वाढलेले पिपरी मेघे असो की मुंबई, हा आवाज सगळीकडे सारखाच. कारण भारतातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे घेते. त्याच खोलीत गिटार शिकणारे पोर डावखुरे असेल, तर दुसरी अडचण उभी राहते. दुकानात टांगलेली जवळपास प्रत्येक गिटार उजव्या हातासाठी केलेली असते. मग पोराचा हात बदलायचा की गिटार?

या दोन्ही अडचणी एका माणसाच्या आयुष्यात एकमेकींना भेटतात. क्लॅरन्स लिओनिडास ऊर्फ लिओ फेंडर. टेलिकास्टर, स्ट्रॅटोकास्टर आणि प्रिसिजन बास ही वाद्ये त्यांच्या नावावर आहेत. रॉकपासून हिंदी चित्रपटसंगीतापर्यंत इलेक्ट्रिक गिटारचा जो आवाज आपल्या कानावर पडतो, त्यातला मोठा वाटा त्यांच्या कारखान्यातून आला किंवा त्याच्या नकलेतून. त्यांना स्वतःला मात्र गिटार वाजवता येत नव्हती.

संत्र्याच्या बागेतला मुलगा

फेंडर यांचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइम आणि फुलर्टन या गावांच्या मधल्या भागात झाला. आईवडिलांची संत्र्याची बाग होती. त्या जिल्ह्याचे नावच ऑरेंज काउंटी. आर्वी, आष्टी, कारंजा या तालुक्यांतल्या वाचकाला हे वातावरण परके वाटू नये. फक्त तिकडचे ऑरेंज हे आपल्या नागपुरी संत्र्यापेक्षा मोसंबीच्या जवळचे.

आठ वर्षांचे असताना त्यांच्या डाव्या डोळ्यात गाठ झाली. डोळा काढावा लागला आणि तिथे काचेचा डोळा बसवला गेला. पुढे दुसऱ्या महायुद्धात सैन्यभरतीतून ते वगळले गेले ते यामुळेच, आणि त्या वर्षांत दुकानात बसून प्रयोग करायला त्यांना वेळ मिळाला.

वयाच्या तेराव्या वर्षी मामाने पाठवलेली एक पेटी घरी आली. सांता मारिया गावात या मामाचे मोटारींच्या विद्युतभागांचे दुकान होते. पेटीत एक बॅटरी आणि रेडिओचे टाकाऊ सुटे भाग होते. दुसऱ्या वर्षी मुलगा मामाच्या दुकानात गेला, तर तिथे मामाने सुट्या भागांतून जोडलेला रेडिओ मोठ्या आवाजात वाजत होता. तो आवाज फेंडर यांच्या डोक्यात कायमचा बसला. शाळेत असतानाच ते घराच्या एका कोपऱ्यात लोकांचे रेडिओ दुरुस्त करू लागले.

शिक्षण मात्र हिशेबाचे. कॉलेजात त्यांनी अकाउंटिंग घेतले. इलेक्ट्रॉनिक्सचा एकही अभ्यासक्रम केला नाही. नोकऱ्याही तशाच: बर्फाच्या कंपनीत आधी माल पोहोचवणे आणि मग वह्या लिहिणे, त्यानंतर राज्याच्या महामार्ग विभागात हिशेबनीस, त्यानंतर एका टायर कंपनीत. १९३४मध्ये एस्थर यांच्याशी लग्न झाले. महामंदीचे दिवस होते. टायर कंपनीने सहा महिन्यांतच हिशेब विभागातल्या माणसांना घरी पाठवले. १९३८मध्ये ६०० डॉलर उसने घेऊन फेंडर फुलर्टनला परतले आणि त्यांनी फेंडर रेडिओ सर्व्हिस या नावाने दुरुस्तीचे दुकान टाकले.

दुरुस्तीच्या टेबलावर काय शिकायला मिळाले?

पुढच्या सगळ्या गोष्टीची किल्ली या दुकानात आहे. गावातले वादक बिघडलेले ॲम्प्लिफायर, कर्णे, स्टील गिटारी घेऊन तिथे यायचे. कुठला भाग आधी जातो, कुठला सांधा सुटतो, वादक कशाला वैतागतो, हे फेंडर यांना कारखाना काढण्याआधीच पाठ झाले. म्हणूनच त्यांच्या गिटारीची मान धडाला सरस लावून चिकटवलेली नसते, चार स्क्रूंनी आवळलेली असते. मान वाकली की काढा, दुसरी लावा. कारागिरीच्या जुन्या परंपरेत वाढलेल्यांना हा प्रकार सुतारकामाचा अपमान वाटला असणार. दुरुस्ती करणाऱ्याला मात्र तो वरदान होता.

डॉक कॉफमन या भागीदाराबरोबर त्यांनी युद्धकाळात मांडीवर ठेवून वाजवायच्या स्टील गिटारी आणि ॲम्प्लिफायर बनवायला सुरुवात केली. १९४६मध्ये दोघे वेगळे झाले आणि फेंडर यांची स्वतःची कंपनी सुरू झाली. १९५०मध्ये सपाट, भरीव लाकडी धडाची गिटार बाजारात आली. तिचे आधीचे ब्रॉडकास्टर हे नाव दुसऱ्या कंपनीच्या ड्रमच्या नावाशी जुळत असल्याने बदलावे लागले आणि १९५१मध्ये ती टेलिकास्टर झाली. १९५४मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली. धडाच्या कडा बरगड्यांना टोचतात अशी वादकांची तक्रार होती, म्हणून तिच्या कडा कोरून गोलावल्या. स्वतः वाजवता येत नसल्याचा फायदा असा की फेंडर यांना आपलेच मत बरोबर असा हट्ट धरता येत नव्हता. नमुना वादकाच्या हातात द्यायचा, तो रात्री कार्यक्रमात वापरायचा, सकाळी तक्रारी ऐकायच्या आणि पुन्हा टेबलावर बसायचे, अशी ती पद्धत.

पिकअप म्हणजे नेमके काय?

सायकलच्या डायनामोत चुंबक फिरतो आणि तारेच्या वेढ्यांत वीज तयार होते. पिकअपमध्ये चुंबक स्थिर असतो, हलते ती गिटारची पोलादी तार. चुंबकाभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे गुंडाळलेले असतात. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र डगमगते आणि वेढ्यांत तशीच थरथरणारी, अगदी क्षीण वीज निर्माण होते. ती वाढवून स्पीकरला दिली की आवाज. शेतातल्या पंपाची मोटार जळाली की ती भरून देणाऱ्या कारागिराला हे काम सांगावे लागणार नाही. तार फक्त फार बारीक. मुंबई-कोकणातल्या बेंजो पार्टीत गणपतीपुढे जो इलेक्ट्रिक बेंजो वाजतो, त्याच्या तारांखालीही हेच तत्त्व काम करते.

अडचण अशी की हे वेढे गिटारची तार आणि घरातली वायर यांत भेद करत नाहीत. आसपासच्या विजेचे हेलकावेही ते तितक्याच इमानाने पकडतात. भारतात ५० हर्ट्‌झ म्हणजे पाश्चात्त्य सप्तकातल्या खालच्या जी स्वराच्या (४९ हर्ट्‌झ) अगदी जवळ. अमेरिकेत ६० हर्ट्‌झ असल्यामुळे तिकडची घूं ए शार्प आणि बी यांच्या मध्ये कुठेतरी पडते. बास गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्‌झच्या आसपास बोलते. म्हणजे ही घूं बासच्या अंगणातच येऊन बसते. गिटारीत ती त्रास देते. बासमध्ये तर कानाला सूर आणि घूं वेगळे काढणेच अवघड होते.

बास गिटारची गरज का पडली?

१९५०च्या आधी वाद्यवृंदात खर्जाचे काम माणसाच्या उंचीचा उभा डबल बास करायचा. तो मोटारीच्या टपावर बांधून न्यावा लागे, आणि इलेक्ट्रिक गिटार व ड्रम वाढले की त्याचा आवाज कुणाला ऐकू येत नसे. त्यावर पडदे नसतात, त्यामुळे गिटारवाल्याने अचानक तो हातात घेतला तर सूर इकडेतिकडे होणार. फेंडर यांनी १९५१मध्ये गिटारसारखी गळ्यात अडकवायची, पडदे असलेली, ३४ इंच तारलांबीची चार तारांची बास आणली. पडद्यामुळे सूर नेमका लागतो म्हणून नाव प्रिसिजन. आडव्या धरलेल्या बास गिटारची कल्पना त्यांच्या आधीही कुणाकुणाला सुचली होती, पण कारखान्यातून भराभर निघणारी आणि रोजच्या कार्यक्रमात टिकणारी बास त्यांची.

या पहिल्या बासचे पिकअप एकसंध होते. एक वेटोळे आणि प्रत्येक तारेखाली एक चुंबकी खांब. दोन तक्रारी आल्या. एक घूं. दुसरी अधिक महागाची: तार खांबाच्या बरोबर डोक्यावर असल्यामुळे बोट लागताच पहिला ठोका इतक्या जोरात यायचा की त्या काळचे स्पीकर फाटायचे. स्पीकर फाटला की वादक दुरुस्तीच्या टेबलावर हजर.

दोन तुकडे केल्याने काय साधले?

१९५७मध्ये प्रिसिजन बासचे नवे रूप आले. एका लांब पिकअपऐवजी दोन छोटे तुकडे. जाड दोन तारांखाली एक, बारीक दोन तारांखाली दुसरा, आणि दोन्ही एका रेषेत नाहीत, एकमेकांपासून सरकवलेले. प्रत्येक तारेला दोन खांब दिले आणि तार त्या दोघांच्या मधून जाऊ दिली. पहिल्या ठोक्याचा धक्का त्यामुळे बोथट झाला. या रचनेचे पेटंट फेंडर यांना १९६१मध्ये मिळाले.

घूंचा बंदोबस्त शाळेतल्या गणिताने होतो. उणे गुणिले उणे बरोबर अधिक. दोन वेटोळी एकमेकांच्या उलट दिशेने गुंडाळली, तर बाहेरून येणारी घूं एकात अधिक आणि दुसऱ्यात उणे होऊन येते. दोन्ही जोडली की शून्य. पण मग गिटारचा सूरही कापला जायला हवा. तो जात नाही, कारण एका तुकड्याच्या चुंबकाचा उत्तर ध्रुव वर असतो, दुसऱ्याचा दक्षिण. वेढा उलटा आणि चुंबकही उलटा, म्हणजे सुराची दोनदा उलटापालट होऊन तो सरळच राहतो. घूं चुंबकाला ओळखत नाही, त्यामुळे तिची उलटापालट एकदाच होते आणि ती मरते.

याच काळात गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी हंबकर हे दुहेरी पिकअप केले होते. तेही घूं मारते. फरक असा की हंबकरमध्ये प्रत्येक तारेखाली दोन्ही वेटोळी शेजारीशेजारी असतात. एकच तार दोन ठिकाणी ऐकली जाते आणि त्या बेरजेत वरच्या स्वरांचा थोडा लखलखाट हरवतो. फेंडर यांच्या रचनेत प्रत्येक तारेला एकच तुकडा ऐकतो, दुसरा फक्त घूं कापायला साथ देतो. त्यामुळे एकेरी पिकअपची स्वच्छता राहते आणि घूंही जाते. माझ्या मते फेंडर यांच्या सगळ्या कामांत हे सर्वांत हुशार काम आहे. स्ट्रॅटोकास्टरच्या आकाराला मिळालेली प्रसिद्धी याला कधी मिळाली नाही, पण यात गेल्या सहा-सात दशकांत बदल करण्यासारखे फारसे कुणाला सापडलेले नाही. मोटाऊन कंपनीच्या असंख्य गाण्यांमागे जेम्स जेमरसन यांची जी बास ऐकू येते, ती याच पिकअपची.

मग डावखुऱ्यांचा प्रश्न कुठे आला?

त्या सरकवलेल्या जागेत. नेहमीच्या प्रिसिजन बासमध्ये जाड तारांचा तुकडा मानेच्या बाजूला आणि बारीक तारांचा ब्रिजच्या बाजूला असतो. तार मधल्या भागात अधिक झोकाने हलते, टोकाजवळ ताठ असते. म्हणून मानेकडे पकडलेला सूर भरदार आणि ब्रिजकडे पकडलेला कोरडा, टोकदार येतो. जाड तारांना भरदारपणा, बारीक तारांना धार, अशी ही वाटणी.

आता डावखुऱ्या माणसाने हीच बास उलटी धरून तारा अदलाबदल केल्या तर? जाड तारा ब्रिजकडच्या तुकड्यावर येतात, बारीक मानेकडच्या. वाटणी उलटते. जाड तारांचा आवाज आखडतो, पण अधिक स्पष्ट होतो. बारीक तारा गुबगुबीत होतात. बिघडले असे नाही, बदलले. काही बास बनवणारे आणि उजवे वादकही मुद्दाम हीच उलटी मांडणी निवडतात. पिकअपचे दोन तुकडे मापाने सारखेच असतात, पण ते एकमेकांच्या जागी टाकून उपयोग नाही, कारण लाकडातले खड्डे आहेत तिथेच राहतात. आवाज तंतोतंत उजव्यासारखा हवा तर खड्डेच आरशातल्यासारखे उलटे कोरावे लागतात.

विजेच्या बाजूने मात्र हे पिकअप डावखुऱ्यांशी दयाळू आहे. खांब बहुतेक एकाच उंचीचे आणि तारेच्या दोन्ही बाजूंना सारखे, त्यामुळे तारा उलटल्या तरी प्रत्येक तार आपल्या दोन खांबांच्या मधूनच जाते आणि कुठलीही तार अचानक दबत नाही. स्ट्रॅटोकास्टरचे तसे नाही. तिच्या जुन्या पद्धतीच्या पिकअपमध्ये खांब वरखाली असतात. दुसऱ्या क्रमांकाच्या बारीक तारेखालचा खांब सर्वांत बुटका. गिटार उलटली की तो बुटका खांब जाड बाजूच्या दुसऱ्या तारेखाली येतो आणि ती तार मागे पडते. शिवाय ब्रिजजवळचे पिकअप तिरके बसवलेले असते. उलटल्यावर त्याचा तिरकेपणाही उलटतो.

फेंडर यांच्या समोर आलेला डावखुरा

डिक डेल हा लेबनीज वंशाचा तरुण गिटारवादक. १९६०च्या सुमारास तो कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर बाल्बोआ इथल्या रॉन्देव्हू बॉलरूममध्ये वाजवायचा. तो डावखुरा होता आणि लहानपणी कुणी सांगायला नसल्यामुळे उजवी गिटार तशीच उलटी धरून, तारांचा क्रमही न बदलता शिकला होता. म्हणजे त्याच्या हातात जाड तार खाली आणि बारीक वर. डेल पुढे सांगत असे त्याप्रमाणे, फेंडर यांनी त्याला स्ट्रॅटोकास्टर तपासायला दिली आणि त्याने ती उलटी धरताच फेंडर यांना हसू आवरेना. नंतर त्यांनी त्याला डाव्या हाताची गिटार करून दिली. डेलने तिच्यावरही तारा आपल्या जुन्या, उलट्या क्रमानेच लावल्या.

डेल इतक्या जोरात वाजवायचा की ॲम्प्लिफायरमागून ॲम्प्लिफायर जळत गेले. फेंडर यांना आपल्या प्रयोगशाळेतल्या शांततेत त्याचे कारण कळेना. शेवटी ते सहकारी फ्रेडी तवारीस यांच्यासह बॉलरूमच्या गर्दीत जाऊन उभे राहिले. हजारो नाचणाऱ्या माणसांचे अंग आवाज शोषून घेते हे तिथे कळले. त्यातून शोमन हा दमदार ॲम्प्लिफायर आणि त्याच्यासाठी १५ इंची स्पीकर तयार झाला. पन्नाशीतला, हिशेबनीसासारखा दिसणारा गृहस्थ धक्काबुक्कीत उभा राहून ऐकतो आहे, हे दृश्य त्यांच्या सगळ्या पेटंटांपेक्षा मला त्यांच्याविषयी जास्त सांगते.

हेंड्रिक्सने उलटी गिटार प्रतिष्ठेला नेली

जिमी हेंड्रिक्स (१९४२-१९७०) प्रसिद्ध झाला तोवर फेंडर यांनी कंपनी विकली होती. हेंड्रिक्स बहुतेक वेळा उजवी स्ट्रॅटोकास्टर उलटी धरायचा, पण डेलसारखे नाही. तो तारा बदलून जाड तार वर घ्यायचा. आवाजाच्या आणि टोनच्या कळा त्यामुळे त्याच्या कोपराखाली आल्या. वडिलांना मुलाने डाव्या हाताने वाजवलेले आवडत नसे. ते खोलीत आले की पोरगा गिटार फिरवून उजव्या हाताने वाजवू लागे, अशी आठवण त्याच्या भावाने सांगितली आहे.

आपल्याकडे हे चित्र ओळखीचे आहे. प्रसाद डाव्या हातात घेऊ नकोस, वाढताना डावा हात नको, पेन्सिल उजव्या हातात धर. गंमत म्हणजे पिपरी मेघेपासून काही किलोमीटरवर असलेल्या सेवाग्रामच्या रहिवाशाने, गांधीजींनी, फेंडर जन्मले त्याच १९०९ साली बोटीवर हिंद स्वराज लिहिताना उजवा हात थकला तेव्हा डावा चालवला. हस्तलिखिताच्या २७५ पानांपैकी सुमारे ४० पाने डाव्या हाताची आहेत. वर्ध्याच्या मुलाला डाव्या हातावरून बोलणाऱ्यांना हे सांगायला हरकत नाही.

हेंड्रिक्सचा उलटा तिरकेपणा पुढे विकाऊ झाला. फेंडर कंपनीने त्याच्या नावाची जी गिटार उजव्या वादकांसाठी काढली, तिचे डोके उलटे आणि ब्रिजजवळचे पिकअप उलट्या तिरकेपणाचे आहे. डावखुऱ्याने नाइलाजाने केलेली तडजोड उजव्यांनी पैसे मोजून घेतली.

डावखुऱ्या मुलाच्या पालकांनी काय करावे?

आधी हे कबूल करायला हवे की प्रत्येक डावखुऱ्याला डावी गिटार लागतेच असे नाही. मार्क नॉप्फलर आणि गॅरी मूर हे दोघे डावखुरे, पण उजवी गिटार वाजवून मोठे झाले. पडद्यांवर धावणारी बोटे डाव्या हाताची असतात, तेव्हा डावखुऱ्याला त्यात सोयच आहे असे काही शिक्षक म्हणतात. मला हा युक्तिवाद अर्धाच पटतो. ताल छेडणाऱ्या हातात असतो आणि ताल शिकवून बदलणे कठीण. घरातली साधी चाचणी अशी: मुलाच्या हातात बॅडमिंटनची रॅकेट द्या आणि गाणे लावून गिटारसारखी धरायला सांगा. आपसूक ज्या बाजूला धरतो ती बाजू त्याची. ती डावी असेल तर हात बदलू नका.

गिटार बदलायची तर काय बदलावे लागते? तारा उलटल्यावर मानेच्या टोकाची पट्टी, जिच्या खाचांतून तारा जातात ती, उलट्या मापाच्या खाचांची लागते. जाड तारेसाठी रुंद खाच. ब्रिजवर प्रत्येक तारेची लांबी पुन्हा जुळवावी लागते, नाहीतर वरच्या पडद्यांवर सूर चुकतो. पट्ट्याची खुंटी दुसऱ्या शिंगावर न्यावी लागते. हंबकर असेल तर खांबांचे स्क्रू फिरवून तारांचा आवाज सारखा करता येतो; स्ट्रॅटोकास्टरसाठी सपाट खांबांचे पिकअप हा सोपा उपाय. प्रिसिजन पद्धतीच्या बासमध्ये पिकअपला हात न लावताही चालते, फक्त आवाजाची वाटणी उलटी आहे हे लक्षात ठेवून टोनची कळ थोडी कमी ठेवावी.

एक बारकावा कारागीरही विसरतात. आवाजाची कळ डावीकडे फिरवून वाढायला हवी म्हणून नेहमीच्याच पोटेन्शिओमीटरच्या वायरी अदलाबदल केल्या, तर आवाज सुरुवातीलाच एकदम उसळतो आणि पुढे बराच वेळ जागचा हलत नाही. डाव्या फिरकीचा पोटेन्शिओमीटर वेगळा मिळतो, तोच मागावा. आणि मॅकार्टनीची युक्तीही वाईट नाही. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने १९६१मध्ये हॅम्बुर्गमध्ये व्हायोलिनच्या आकाराची हॉफ्नर बास घेतली, त्यामागे तिचे धड दोन्ही बाजूंनी सारखे दिसते, डाव्या हातात विचित्र वाटत नाही, हेही एक कारण होते.

कंपनी विकल्यानंतर

१९५०च्या दशकात फेंडर यांना सायनसचा जिवाणू संसर्ग झाला तो जाईना. प्रकृती इतकी ढासळली की आपण फार दिवसांचे सोबती नाही असे त्यांना वाटू लागले. जानेवारी १९६५मध्ये त्यांनी कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. त्यानंतर डॉक्टर बदलला, प्रतिजैविकांचा मोठा डोस मिळाला आणि संसर्ग बरा झाला. विकलेली कंपनी परत मिळणार नव्हती, आणि दहा वर्षे स्पर्धेत उतरणार नाही असा करार झाला होता.

विक्रीच्याच वर्षी फेंडर कंपनीची बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार बाजारात आली. तिच्यातही विभागलेले, सरकवलेले पिकअप होते. करार संपल्यावर १९७५मध्ये ते म्युझिक मॅन कंपनीचे अध्यक्ष झाले. १९७९मध्ये एस्थर कर्करोगाने गेल्या. त्याच सुमारास त्यांनी म्युझिक मॅन सोडली आणि जुने सहकारी जॉर्ज फुलर्टन व डेल हयात यांच्यासह जी अँड एल ही कंपनी सुरू केली. वय सत्तर. १९८०मध्ये फिलिस यांच्याशी त्यांनी दुसरे लग्न केले.

जी अँड एलमध्ये ते पुन्हा जुन्या कोड्याकडे वळले. बासचे विभागलेले पिकअप सहा तारांच्या गिटारला नीट लागू करता येईल का? त्यातून तीन-तीन तारांचे दोन तुकडे पुढेमागे ठेवलेले झेड कॉइल पिकअप आले. कोमान्चे या गिटारीत ते बसवले गेले. एकेरी पिकअपची लख्ख धार आणि घूं नाही, ही १९५७ची मागणी तीस वर्षांनी गिटारवर उतरली. खपाच्या बाबतीत मात्र ही गिटार स्ट्रॅटोकास्टरच्या जवळपासही गेली नाही. वादकांना १९५४चीच गिटार हवी होती, घूंसकट.

शेवटच्या वर्षांत पार्किन्सनने त्यांचे हात थरथरू लागले होते, तरी कारखान्यात येणे सुटले नाही. २० मार्च १९९१ रोजीही ते कामावर गेले होते. दुसऱ्या दिवशी, २१ मार्चला, वयाच्या ८१व्या वर्षी फुलर्टनमध्ये त्यांचे निधन झाले.